चौदा नंबरची चौथी कॉट

जळगावात आले तेव्हा
मुलींच्या आधी खोल्यांची ओळख झाली.
तीन नंबर : चपला रांगेत, दार लोटलेलं, मेडिकलच्या तयारीवाल्या.
अकरा : उपास, आरती, लोणच्याच्या बरणीला कुलूप.
सहा : ज्यांची नावं गॅदरिंगच्या पत्रिकेत छापून येतात.
सहात कॉट मिळाली
की वर्षभर कुणी विचारत नाही, तू कोण.

आणि चौदा.
चौदाबद्दल रेक्टरबाई काही बोलल्या नाहीत.
चष्मा काढला, पदराने पुसला,
म्हणाल्या, रविवारपर्यंत आपापलं जमवून घ्या.

पप्पा यावलच्या गाडीत परत बसले.
खिडकीतून म्हणाले, नाव राखजो.
कोणतं नाव ते सांगितलं नाही,
आणि बस निघाली.

सहा नंबरमध्ये चहा मिळाला. कपबशीत.
प्रियदर्शिनी जावळेने विचारलं, छंद काय तुझे?
माले, म्हटलं मी, आणि जीभ चावली,
मला पोहायला आवडतं.
कुठे?
पाटाच्या पाण्यात.
तिघींनी एकमेकींकडे न पाहता
एकमेकींकडे पाहिलं.
बशीतला चहा पिऊ की नको
हे ठरवेपर्यंत तो निवला.
कळवतो हं, म्हणाल्या.
त्या हं-मध्ये इतका मऊपणा होता
की सोमवारपर्यंत मी त्यावरच झोपले,
जिन्याखालच्या वळकटीवर, ट्रंक उशाला.

चौदाबद्दल जिन्याखाली जे ऐकू येई :
तिथं पहाटे तीनला दिवा असतो.
एक जण भिंतीवरून उडी मारते.
एकीला मोटरसायकलवर कुणी सोडायला येतं.
एक नापास आहे, आणि तसं सांगते.

सोमवारी माझी ट्रंक
मला न विचारता कुणीतरी उचलली.
सायजा पावरा. धडगावच्या वरच्या पाड्याची.
भिंतीवरून उडी मारणारी तीच,
कारण पोलीस भरतीसाठी धावायचं साडेचारला
आणि फाटक उघडतं सहाला.
मोटरसायकलवाला नजमा तडवीचा भाऊ,
दवाखान्यातली रात्रपाळी संपली की तिला सोडायचा.
निदान मंगळवारी तरी तो भाऊच असायचा.
बाकीचं मी विचारलं नाही.
वैजयंता कोळी खरंच नापास होती,
तव्यावर कळण्याची भाकरी थापटत म्हणाली,
कोठली शे वं तू?

छंद कुणी विचारले नाहीत.
एकच प्रश्न होता :
झोपेत बोलतेस का?
माले काय माहीत, म्हटलं.
कुणी हसलं नाही.
वैजयंताने भाकरी उलटली,
सायजाने खिळ्यावरचा तिचा टॉवेल काढला
आणि तो खिळा मला दिला.

फुकट नव्हतं हे.
मेसमध्ये माझ्यापुढचं ताट सरकू लागलं,
अकरा नंबरवाल्या माझ्याशी बोलताना
आवाज जपून वापरू लागल्या.
चौदावाली, असं एक नाव पडलं.
दिवाळीत घरी गेले तेव्हा
माझ्या आधी ते यावलला पोचलं होतं.
पप्पा केळीच्या वखारीतून आले, काट्याची वही खिशात,
म्हणाले, जेवली का?
बराच वेळ फक्त एवढंच.

आणि सगळंच जमलं असंही नाही.
नजमा माझी वही न विचारता घ्यायची.
सायजाच्या गजराने मी सहा महिने दचकून उठले.
वैजयंता पुन्हा नापास झाली, यावेळी सांगितलं नाही,
मार्चच्या उन्हात मेहरूणच्या काठावर
आम्ही दोघी बोरं संपेपर्यंत बसलो
आणि बिया पाण्यात फेकत राहिलो.

आज पुन्हा जुलै.
वैजयंताची कॉट रिकामी.
दारात एक मुलगी, चोपड्याची,
हातात नवी बादली, तिच्यावर किंमतीची चिठ्ठी तशीच.
तिची नजर खोलीभर फिरते,
तिनं काय काय ऐकलंय ते मला पाठ आहे.
माझ्या तोंडून निघता निघता राहतं :
छंद काय तुझे?

स्टोव्हवर पाणी ठेवते.
खिळ्यावरचा टॉवेल काढते.
झोपेत बोलतेस का गं?
मी बोलते म्हणे.
काय ते या दोघी सांगत नाहीत.