काया रंग

रुबाब तडवीनं गाडी जॅकवर घेतली
आणि पाठीवर सरकत खाली गेला.
बाहेर उरले दोन पाय, एकच चप्पल.
"काया मारू का, भाऊ?"

आमच्याकडे ळ चा य होतो.
केळी केयी होते, डोळा डोया,
आणि काळा रंग मागावा
तर माणूस काया मागतो.

फैजपूरहून सावद्याला जाताना डाव्या हाताचं गॅरेज.
मे महिना. अकरालाच
पान्हा हातात धरवत नाही असं ऊन.
एस्टीम अठ्ठ्याण्णवची, सुरतेहून आणलेली,
दारं तीनच उघडतात,
पण पोटाखाली आता दोन सायलेन्सर,
स्टेनलेस, आरशासारखे,
कुंदननं चाकणहून पाठवलेले.
पहिला पगार खोलीच्या डिपॉझिटात गेला,
हे चौथ्यातून.
खोक्यावर स्केचपेननं: पप्पा, आवाज ऐका.

ऐकला.
गल्लीनंही ऐकला.
वारके काकूंची म्हैस दोन दिवस पान्हावली नाही,
असं त्या सांगतात, म्हैस काही बोललेली नाही.
नाक्यावरच्या हवालदारानं शिट्टीही वाजवली नाही,
नुसतं बोट केलं खाली, चकाकीकडे:
"झाका नाहीतर काढा."

मी भांड्यांवर नावं घालतो. तीस वर्षं झाली.
विजेची सुई, टर्रर्र,
चि. सौ. कां. हिस मामांकडून सप्रेम भेट.
गिऱ्हाईक आधी चमक बघतं, मग वजन,
नाव कुणी वाचत नाही, चूक असल्याशिवाय.
चांगल्या स्टीलला रंग फासून द्या
असं आजवर कुणी म्हणालं नाही.

पण आई चुलीवर पातेलं ठेवण्याआधी
बुडाला ओली माती लिंपायची.
काजळी मातीवर बसायची,
रात्री पाण्याचा हात फिरवला की पातेलं जसंच्या तसं.
तेव्हा झाकणं म्हणजे
नेहमी लाज वाटणंच असतं, असं नाही.
हे मी मोठ्यानं बोललो असणार,
कारण खालून आवाज आला,
"सहाशे डिग्रीचा डबा आहे, भाऊ. माती नाही.
निघणार नाही तो."

मग म्हणाला, आधी घासावं लागेल.
दोनशेवीसचा पॉलिश पेपर.
नाव पॉलिश, काम उलटं.
"चकाकीवर रंग धरत नाही.
तिला आधी ओरखडे पाह्यजेत."

मी गुडघ्यांवर बसलो, मान वाकडी केली.
सायलेन्सरच्या फुगीर पोटात
माझं नाक पपईएवढं,
मागून जाणारा केयीचा ट्रक करंगळीएवढा,
आणि सातपुडा, जो इथून नीट दिसतही नाही,
एक निळसर ओरखडा.
रुबाबनं नळीच्या तोंडात बोट घालून बाहेर काढलं.
"आतून तं कधीचाच काया."

फोन लावला. कुंदन पाळीत होता,
मागं प्रेसचा धडधडाट.
"काय मारायचं, पप्पा?"
काया.
"काय?"
काया रे, काया!
"ऐकू येत नाही. जेवलात का?"
हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

दुकान तसं लांब नाही. सायकलनं गेलो,
सुई, वायर, चष्मा घेऊन आलो.
रुबाबनं बोर्डात पिन खोचून दिली, काही विचारलं नाही.
सायलेन्सरच्या वरच्या अंगाला,
जिथं ना रस्ता बघतो ना हवालदार,
उताणा पडून, तेलाचे थेंब कपाळावर घेत,
पहिल्यांदाच गिऱ्हाईक नसताना, उलट्या हातानं:
पप्पांस चि. कुंदनकडून.
सप्रेम लिहिताना सुई जरा घसरली.
भेट नीट आलं.

बाहेर सरकलो. सदरा गेला कामातून.
रुबाब कागदाची घडी घालून उभा.
मार, म्हटलं, काया.
फक्त वरून, त्या टिचभर जागेला,
हलक्या हातानं घास.