काट्यावर

सुकी नदीतला तो गोटा
अजून आमच्या चुलीजवळ असतो.
माय त्यानं लसूण-मिरची ठेचते.
एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला पांढरी रेघ,
हातावरच्या शिरेसारखी.

मी नऊ महिन्यांची होते तेव्हा
अंगणवाडीच्या आढ्याला काटा टांगलेला,
त्याच्या कापडी झोळीत मला लटकवली.
काटा लाल पट्ट्यातून हलेना,
आणि तालुक्याचे साहेब दारात जीप लावून उभे.
मायनं मला नीट बसवल्यासारखं केलं
आणि पदराखालून
झबल्यात गोटा सरकवला.

काटा सरकला. हिरव्यापर्यंत नाही,
पिवळ्यात आला.

नेहेतेबाईंना हात लावताच कळलं,
पोर ऊन असतं, दगड गार.
रागावल्या नाहीत. गोटा मायच्या मुठीत परत दिला,
वहीत खरा आकडा लिहिला,
म्हणाल्या, "हमीदाच्या माय, एवढं
हिच्या आंगात उतरू दे."
त्या वर्षी आमच्या कोंबडीची सगळी अंडी माझी.
भावांना टरफलं मोजायला मिळाली.

फैजपूरच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये
भिरूड सरांनी मला शिकवायला घेतलं, तेव्हा
दांडी होती बोअरच्या पाइपाची
आणि चकत्या म्हणजे डब्यात ओतलेलं सिमेंट.
उजवीकडचा डबा अर्धा किलो जड निघाला,
म्हणून माझा डावा खांदा अजून जरा वर असतो.
मे महिन्यात पाइपावर आधी ओलं बारदान फिरवायचं,
मग हात.
दिवसा केळीचे लोंगर मानेवर.
केळीचा चीक कपड्यावरून जात नाही,
तो डाग माझ्या स्पर्धेच्या बनियनवरही आहे,
छातीवर, लोकांना वाटतं नकाशा.

मागच्या वर्षी मनगट गेलं.
सावद्याच्या हाडवैद्यानं बांधलं,
भुसावळच्या डॉक्टरनं सोडलं, परत बांधलं.
सहा महिने बाकावर बसून
मी दुसऱ्यांचे किलो मोजले.

आज धुळ्यात, वजनाच्या खोलीत
बाईंनी आकडा वाचला, चव्वेचाळीस, तीनशे.
"परत सांगा ना."
त्यांना वाटलं, मला शंका आहे.

पहिली उचल पाठीमागे पडली.
दुसरीत कोपर वाकला, दिवे लाल.
तिसरी चुकली तर कागदावर
आपण आलेलोच नसतो.
दांडीखाली बसले. खूप वेळ बसले.
मांड्या थरथरत होत्या,
तो काटा थरथरला असेल तशा,
कुणीतरी काहीतरी सरकवावं असं वाटलं.
कुणी सरकवलं नाही.
उठले.
दोन पांढरे, एक लाल. चालतं.

रात्री फोन लावला. "सहावी आले."
"सहावी तं तू कव्हाच पास झाली."
मागे ठेचायचा आवाज येत होता, ठक, ठक.
"काट्यावर किती भरली वं?"
"चव्वेचाळीस, तीनशे."
आवाज थांबला.

"आंगात काही लपवलं नव्हतं ना?"
"नाही वं माय. नुसती मी."

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग पुन्हा ठक, ठक,
आणि मिरचीचा ठसका लागल्यासारखी
खोकत राहिली.