काळी चारच्या किंचित खाली

पेट्या दुरुस्त करणाऱ्याला महापालिकेचा फोन येतो,
असं आमच्या फणसवाडीत आजवर घडलेलं नव्हतं.
"घाडीगावकर बोलतोय, वॉर्ड ऑफिसातून.
माहीमच्या रेतीबंदरला ते वाजणारं शिल्प बसवलंय ना,
त्यातली पाचवी नळी बेसूर आहे अशी तक्रार आलीय.
लेखी."

लेखी बेसूर!
मी कानस घेतली, चामड्याची पट्टी घेतली,
आणि रुमालात गुंडाळून पॅरिसचा एक जुना सूर.

नऊ नळ्या, कठड्यावरून खाली पाण्यात उतरलेल्या,
किल्ली पडलेली माणसं वाकून शोधतात तशा.
गिरीजच्या कुणा फ्लेवियनने जोडल्यात म्हणे; सांधे सुबक होते.
लाट आत शिरते, हवा वर ढकलते,
वर तोंडाशी वारा आडवा भेटतो,
आणि मग तो आवाज:
हंबरणं म्हणावं तर गोठा नाही,
शंख म्हणावा तर देऊळ नाही.

पाचवी ऐकली.
काळी चारच्या किंचित खाली.
सवयीनं हात कानशीकडे गेला.
सूर चढवायचा तर टोकाला घासायचं,
उतरवायचा तर बुडाशी.
चाळीस वर्षं एवढ्याच शास्त्रावर पोट भरलं.
पण हिचं बूड समुद्रात,
आणि पाणी कुठे थांबतंय?
पंधरा मिनिटांत नेमकी काळी चार,
अर्ध्या तासात पांढरी सहाच्या उंबरठ्यावर.

कठड्यावर जवळा पसरत चांगुणा तांडेल
मी न विचारताच म्हणाली,
"आज नवमी, भांगाचं पानी. फार चढायचं नाय.
पुनवेला ये, उधानाला.
तवा ही पाचवी मांजरीगत वरडते,
नि मधल्या दोघी गपगार, नाकातोंडात पानी जातं त्यांच्या."

त्रास होत नाही?
"मला? पाठमोरी बसून सांगते पानी किती आलंय.
थंडीत धुरकं पडलं का आमचा पोऱ्या
सातवीच्या अंदाजानं होडी लावतो."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही:
तार सप्तकाचे वरचे सूर दोन वर्षांपासून
मला ऐकू येत नाहीत.
बोटांच्या आठवणीवर लावतो.
गिऱ्हाइकं अजून म्हणतात, वा काका.

नववी सगळ्यात जाड.
कान लावला, काही नाही.
पोटात गोळा आला. म्हणजे आता खालचेही गेले?
"ही वाजते का हो?"
चांगुणा हसली.
"तिला कुनीच ऐकत नाय.
तिच्यावर बसायचं असतं."

चपला काढून बसलो.
लाट आली. आधी टाचा, मग गुडघे,
मग छातीत कुठेतरी भाता भरावा तसं,
कुणीही हात न लावता.
जवळ्याचा वास, पुलावरचे दिवे,
पाण्यात तरंगणारी एक निळी बादली.
किती वेळ बसलो ते बिलात लिहावं लागलं म्हणून कळलं.

अहवाल:
नळी क्र. ५. दोष नाही. सा समुद्राकडे आहे.
नळी क्र. ९. हिच्यावर बसावे.
टॅक्सी, जाऊन-येऊन. ऐकणे, अडीच तास.

टॅक्सीचे पैसे मंजूर झाले.
ऐकण्याचं कोटेशन घेतलेलं नव्हतं,
म्हणून ते कापले.

काल रात्री साडेदहाला परत फोन.
"घाडीगावकर बोलतोय. घरून.
नाही, ऑफिसचं काम नाही.
ते 'बसावे' लिहिलंय तुम्ही,
ते नक्की कुठल्या बाजूला?"