बोटांची हजेरी

नोटप्रेसमध्ये तेहतीस वर्षं
माझ्या बोटांनी पगार मिळवला.
डोळे मदतीला होते, एवढंच.
कागद कुठे पातळ, शाई कुठे नीट बसलीच नाही,
हे आधी अंगठ्याला कळायचं, मग मला.
बाद, म्हणायचे. ताव बाजूला.

आता जेल रोडच्या घरात
कप हातात आहे की नाही
हे बघून ठरवावं लागतं.
तळव्यांखाली कुणी कापूस अंथरलाय.
चप्पल पायातून निघून जाते
आणि चार पावलांनी मागून हाक येते,
"काकू, चप्पल!"

डॉक्टर गायधनींनी रिपोर्ट वाचला.
बी-ट्वेल्व्ह, एकशे अठरा.
"साखरेची गोळी किती वर्षं?"
चौदा.
"थोडं तिनं नेलं. थोडं तुमच्या ताटात आधीच कमी होतं."
म्हणजे राखणदारच चोर?
"चोर नका म्हणू. ती सोडायची नाही.
गेलेलं आपण भरून काढू."

बातमी गल्लीत माझ्याआधी पोचली.
पाथर्डी फाट्याची नणंद मेथ्या घेऊन आली,
कडू तर कडू, भिजवून खाते अजून.
पिंगळे मास्तर म्हणाले, दवात अनवाणी चाला.
चालले.
बाभळीचा काटा सकाळी घुसला,
संध्याकाळी फरशीवर डाग दिसले तेव्हा कळला.
गायधनी त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले.

मग पंचवटीतून कुणी काढा आणला,
हिरवी बाटली, पाचशे चाळीस रुपये,
आठ दिवसांत सगळ्या गोळ्या बंद म्हणे.
मी बाटली खिडकीपाशी धरली.
आत काय आहे ते लिहिलेलं नाही,
तारीख नाही, गाव नाही.
नंबर नसलेली नोट.
बाद.

इंजेक्शन मात्र लाल असतं,
डाळिंबाचं पाणी असावं तसं.
रोहिले सिस्टर नळी टिचकीने वाजवते
आणि स्वतःच्या सुनेची तक्रार करत सुई घालते.
बोलणं संपेपर्यंत झालेलं असतं.
दंड दुखतो दोन दिवस.
दुखतो, हे मी वहीत लिहून ठेवते.

घोटीची भागाबाई हातसडीचा तांदूळ देते.
"गिरणीत जे उडतं ना ताई, तेच अंगाला लागतं."
आई कोंड्याचा मांडा करायची
तेव्हा आम्ही नाकं मुरडायचो.
डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, खरंय तिचं,
कोंड्यात बी-वन असतं,
पण तुम्हाला हवं ते ट्वेल्व्ह तिथे नाही,
आणि साखर कुठल्याही भाताला ओळखते. मूठभरच खा.
मूठभरच खाते. वर दही, मटकीची उसळ.
द्राक्षांच्या दिवसांत सगळं नाशिक गोड होतं,
मी आठ मणी मोजते
आणि नववा
कधीकधी मोजत नाही.

सातव्या इंजेक्शननंतरचा मंगळवार.
सुपात तांदूळ घेऊन बसले होते,
लक्ष देवळालीहून येणाऱ्या
तोफांच्या सरावाच्या आवाजाकडे.
बोटं आपली फिरत होती, जुन्या सवयीनं,
ज्यांच्यावर आता माझा भरवसा नव्हता.
आणि उजवी तर्जनी थांबली.

मी खाली पाहिलं नाही.
चिमटीत धरलं, फिरवलं.
दाण्यापेक्षा थंड. एका बाजूला कोपरा.
खडा.

बाद, म्हटलं, इतक्या मोठ्यानं
की आतून यांनी विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं. कामावर रुजू झालेय.

करंगळी अजून रजेवर आहे.
डावा पाय कापसातच.
साखर उपाशीपोटी एकशे बावन्न,
ती काही कुठे जात नाही, मीही नाही.
खडा मात्र फेकला नाही.
औषधांच्या डब्यात, गुरुवारच्या कप्प्यात ठेवलाय.
गुरुवारी सिस्टरला दाखवीन,
तिची सुनेची गोष्ट संपली तर.