उष्ट्याचं वजन

शाहूपुरीच्या एका गूळ-अडत्याकडनं
मोडीत निघालेला वजनकाटा आणलाय हौसाक्कानं,
ठेवलाय कार्यालयाच्या मागच्या दारी
खरकट्याच्या पिंपांशेजारी.

काल : भात एकोणीस किलो.
भाकरी सात.
पांढरा रस्सा मोजता येत नाही,
तो मोरीतनं जयंती नाल्यात,
नाल्यातनं पंचगंगेला
वाढला जातो.

मालक हसतो,
"उष्टं मोजून कोण श्रीमंत झालंय गं?"
ती वहीत आकडा लिहिते
हळदीच्या बोटांनी, गिचमिड.

भात आजऱ्याचा, घनसाळ.
तिचं माहेर तिकडंच.
वाकून लावलेलं रोप
तिला पिंपातसुद्धा ओळखू येतं.

आज जावळाची पंगत.
तिनं एवढंच केलं :
भाताचे मोठे डाव लपवले,
वाढप्यांच्या हाती आमटीच्या पळ्या दिल्या.
"मागंल त्याला परत वाढा. धा बारीनं वाढा.
न मागता ढीग नगं."

पंगत उठली.
पोराचा मामा तेवढा म्हणाला,
"हात आखडलासा जरा."

मग पिंप काट्यावर.
काटा थरथरला, अकरावर थांबला.

हौसाक्का बराच वेळ बघत राहिली
त्या अकराकडं.