घट

साखरी नाट्याच्या बर्फ कारखान्यात
रात्रपाळी म्हणजे कंप्रेसरची घरघर,
नाकात कायमचा बसलेला अमोनिया,
आणि टेबलावर भाच्याने टाकून दिलेला लॅपटॉप,
एका बाजूचं बिजागर सुतळीनं बांधलेला.
त्यात मी सुलतान आहे.
साल चौदाशे त्र्याहत्तर.

राजधानी घाटावर, लांब.
एकोणीस प्रांत माझे,
अठरा आपले गपगुमान हिरवे,
आणि एक खाली, समुद्राला चिकटलेला,
नखाएवढा, सारखा लाल होणारा.
मोठा करून पाहिला तेव्हा कळलं,
ही तर आपलीच खाडी.
म्हणजे मी बसलोय तिथंच बंड आहे
आणि मोडायला फौजही मीच धाडतोय.

पहिल्यांदा तीन हजार धाडले.
अर्धे घाट उतरतानाच मेले, हगवणीनं.
उरलेल्यांनी गड घेतला. चार वर्षांनी परत लाल.
मग शिबंदी ठेवली.
तिचा पगार थकला, तीच बंडात सामील.
मग पुढाऱ्यांना फाशी दिलं
(ते बटण दाबलं की दाराला कडी घातल्यासारखा आवाज येतो).
बरीच वर्षं शांत गेली.
तेवढ्यात त्यांची पोरं मोठी झाली.

धाकू लाद्या ओढतो.
आकडी खांद्याला लावून माझ्यामागं उभा राहतो.
खेळ त्याला कळत नाही, रंग कळतात.
"परत पेटला काय रं तो?"
"पेटला."
"त्येंना व्हया तरी काय?"

मी बाण त्या लालावर नेऊन धरला.
एक पाटी उघडते, तिच्यात कारणं असतात:
कर जास्त, चार.
सुभेदार परका, दोन.
राजधानीपासूनचं अंतर, पाच.
अंतराचं काही करता येत नाही.
धाकूला वाचून दाखवलं.
म्हणाला, "ह्या बरा हाय.
आपल्या कपाळावर कोण पाटी लावीत नाय."

परवा शेठचा फोन, कोल्हापूरहून.
लादीमागं बारा रुपये वाढव.
अठ्ठ्याण्णवचे एकशे दहा, आजपासून.
वीज महागली म्हणे. असेल.
शेठ गेल्या शिमग्याला घाट उतरला होता,
करूळला त्याला गाडी लागली,
त्यानंतर फोनच.

पहाटे चारला बुऱ्हान होडेकर आला,
मागं सहा तांडेल.
फळ्यावरचा आकडा त्यानं वाचला,
पुन्हा एकदा वाचला, जसा काही लांबचा दिवा ओळखतोय.
ओरडला नाही.
सगळे जाऊन धक्क्याच्या कठड्यावर बसले,
पाठ माझ्याकडं.
सात होड्या बर्फाशिवाय,
आणि आत एकशे दहा लाद्या, घाम फुटलेल्या.

शेठला लावला. "ते बसलेत."
"बसू दे. दुपारपर्यंत येतील."
माझा दोन महिन्यांचा पगार तेवढ्यात विचारायचा होता,
राहिला.

लॅपटॉप तसाच थांबलेला,
फौज घाटाच्या तोंडाशी, एक पाय उचलून.
तिला मागं फिरवलं.
कर शून्यावर आणला.
खजिन्याची घंटा वाजली, वाजू दिली.
प्रांत हिरवा झालाच नाही, नारिंगी झाला.
पाटीवर आता दोनच ओळी.

मग उठलो, बाहेर गेलो,
फळ्यावरचा आकडा बाहीनं पुसला.
बुऱ्हानभाई काही बोलला नाही,
विडी कठड्यावर विझवली आणि होडीकडं हात केला.

एकशे दहा लाद्या, अठ्ठ्याण्णवनं.
उजाडताना वही उघडली.
तीन रकाने: विक्री, दर, घट.
विक्री अठ्ठ्याण्णव.
दर एकशे दहा.
पैसे रुपयाला रुपया जुळले,
मलाच दोनदा गुणाकार करून बघावा लागला.
घट: बारा.

धाकू खांद्यावरून बघत होता.
"बारा लाद्या इतळल्या?
रातचा येवढा ऊन खयं होता रं?"

"होतं," म्हटलं,
आणि वही मिटली.