एकाहत्तर पायऱ्या

एइबारमध्ये घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात.
आमचं वर्कशॉप तळाला, नदीला लागून.
पूर्वी इथे बंदुकीच्या नळ्या घासायचे,
आता सायकलीच्या.
झिगोरमामा म्हणतो, नळी ती नळीच,
फक्त आता ती कुणावर रोखलेली नसते.
मी त्याची भाची. मापांची वही माझ्याकडे.

एडुर्ने इतुर्बे आल्या एका गुरुवारी,
भुरभुरीत भिजून.
तीस वर्षं रात्रपाळीच्या नर्स, नुकत्या निवृत्त.
रेनकोटाच्या खिशात चौघडी कागद:
कशाचे किती ग्रॅम,
आणि तळाशी बेरीज, दोनदा अधोरेखित.
"हलकी हवी," म्हणाल्या, "पण पोलादाचीच."

मामानं फळीवरून एक नळी उचलली,
नखानं टिचकी मारली.
बोलणं थांबलं, इतका वेळ ती वाजत राहिली.
मग म्हणाला:
जोड तिथे जाड.
नुसतं अंतर कापायचं, तिथे पातळ.
मधोमध अर्धा मिलिमीटरही नाही.

(पोकळ वासा हा टोमणा ज्यानं काढला
त्यानं सायकल उचलून बघितली नसावी.)

बाईंना अनवाणी भिंतीशी उभं केलं.
मांडी, धड, हात, तळहात.
मामा बोलायचा, मी लिहायची,
शिंप्याकडे लिहितात तसं, अंगाबरोबर.
डावा पाय सहा मिलिमीटर आखूड निघाला.
"अस्सं," त्या म्हणाल्या,
"म्हणून वॉर्डातल्या फरशीला मी दोष द्यायची."

कुठे चालवणार?
अरातेच्या घाटात.
घाटात जड होते का आताची?

बाईंनी कागदाची घडी मोडली, पुन्हा घातली.
"घाटात नाही," म्हणाल्या.
"जिन्यात."

पाचवा मजला. लिफ्ट नाही.
एकाहत्तर पायऱ्या, त्यातली एक तुटकी.
खाली ठेवावी तर तळमजल्यावरचे बेनिग्नो
तिच्यावर ओल्या छत्र्या वाळत घालतात.

मामानं गुंडाळलेला टेप परत उलगडला.
वहीत रकाना नव्हता, मी समासात लिहिलं:
उजवा खांदा, मानेपासून हाडाच्या टोकापर्यंत, साडेअकरा.
कोपर दुमडून.
बॅग असताना. बॅग नसताना.

मग खडूनं जमिनीवरच चौकट काढली:
त्रिकोण जरा मोठा, हात आत जावा म्हणून,
वरची नळी पोटाशी चपटी,
ब्रेकची तार बाजूनं, खांद्याला चावू नये.
बाटलीचे स्क्रू दोन बोटं खाली.

"ऐंशी ग्रॅम वाढतील."
"चाळीस."
"बाई, ही मासळी नाही."
"साठ."
"मग घंटी काढा."
"घंटी राहू दे," त्या घाईनं म्हणाल्या.
आणि ऐंशी ठरले.

रंगाचा प्रश्न शेवटी आला.
रंगालाही वजन असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.
कळल्यावर बराच वेळ नमुन्यांच्या पट्ट्या चाळल्या,
एका हिरव्यावर बोट थांबलं, निघालं,
परत थांबलं.
"नको," म्हणाल्या. "नुसतं पारदर्शक."
म्हणून त्या चौकटीवर आजही दिसतात
पितळेचे पिवळे सांधे, मामाच्या हाताचे,
आणि एका सांध्यात माझ्याही हाताची किंचित चूक.

सात आठवड्यांनी त्या न्यायला आल्या.
बाकीची गिऱ्हाइकं आधी टांग टाकतात,
गल्लीत एक फेरी मारतात, हसत परततात.
यांनी ती खांद्यावर घेतली,
आमच्या दाराच्या तीन पायऱ्या चढल्या, उतरल्या,
पुन्हा चढल्या.
डोळे मिटून. बहुधा मोजत.

"चालेल," म्हणाल्या.

आणि तशाच निघाल्या भुरभुरीत,
सरळ सपाट रस्ता, सायकल खांद्यावर.
वळणापाशी पोचल्यावर
त्यांच्या लक्षात आलं असावं,
कारण घंटी ऐकू आली,
एकदाच.

नव्या वहीत मी तो रकाना आखून ठेवलाय.
अजून कुणी
मजला सांगितलेला नाही.